युरोस्टाइल, फुगलेला चौकोन आणि एका जिमचा बोर्ड

फॉन्टचा विषय निघाला की लोक लगेच हेल्व्हेटिका विरुद्ध एरियल चालू करतात, मला त्यात आता काही रस राहिलेला नाहीये. माझा जीव अडकलाय तो जाड, पसरट, कोपरे गोल केलेल्या चौकोनी अक्षरांत. म्हणजे त्यातला इंग्लिश ओ गोल नसतो, लंबगोल नसतो आणि धड चौकोनही नसतो, मधलंच काहीतरी. नाव माहीत नसलं तरी तुम्ही ही जात शंभर वेळा बघितलेली असते: जुन्या डेकच्या पॅनलवर, जिमच्या बोर्डावर, स्पेसशिपवाल्या सिनेमात, ट्रॅव्हल्सच्या बसवर काचेखाली रेडियममध्ये. ह्या सगळ्या खानदानाचा आजोबा म्हणजे युरोस्टाइल, आणि त्यातही युरोस्टाइल बोल्ड एक्स्टेंडेड. लोक ह्याला "फ्युचरवाला फॉन्ट" म्हणतात आणि गंमत म्हणजे तो माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठा आहे.

इटलीतल्या तुरिन शहरात नेबिओलो नावाची टाइप फाउंड्री होती, म्हणजे शिशाचे खिळे ओतणारा कारखाना. १९५२ मध्ये तिथे अलेस्सांद्रो बुत्ती आणि त्याच्या हाताखालचा तरुण आल्दो नोवारेझे ह्या दोघांनी मायक्रोग्रामा नावाचा टाइप काढला. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती, स्मॉल नाहीच. तेव्हा असे टाइप व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, फॉर्म अशा बारीक कामांना लागायचे, जिथे ओळ छोटी, अक्षर छोटं, पण थाट कंपनीचा पाहिजे. बारीक साइजला पसरट अक्षर चांगलं वाचता येतं कारण पोटातली मोकळी जागा बुजत नाही, शाई जरा पसरली तरी ओ तो ओच राहतो. पुढे बुत्ती १९५९ मध्ये वारला, आणि नोवारेझेने १९६२ मध्ये त्याच साच्यावर स्मॉल अक्षरं आणि अजून अरुंद प्रकार घालून पूर्ण कुटुंब उभं केलं, ते युरोस्टाइल. म्हणजे आज आपण ज्याला हेडिंगचा दणदणीत फॉन्ट म्हणून वापरतो त्याचं मूळ बारीक छपाईत आहे, हे मला फार आवडतं.

आता तो आकार आला कुठून. तो काळच तसा होता. तुरिन म्हणजे फिआटचं गाव, शेजारी इव्रेआला ऑलिव्हेट्टीचा टाइपरायटरचा कारखाना, आणि जानेवारी १९५४ पासून इटलीत रोजचं टीव्ही प्रक्षेपण सुरू झालं. टीव्हीची जुनी काच आठवा. आत निर्वात पोकळी, बाहेरून हवेचा दाब, त्यामुळे काच सपाट आणि कोपरे टोकदार ठेवणं परवडतच नाही, म्हणून पुढचा भाग थोडा फुगीर, कोपरे गोल आणि चारही कडा किंचित बाहेर आलेल्या. युरोस्टाइलचा ओ हुबेहूब तसा आहे. विमानाच्या खिडक्यांचंही तेच. जेट इंजिनवर चालणारं पहिलं प्रवासी विमान, डी हॅविलंड कॉमेट, मे १९५२ मध्ये प्रवासी घेऊन उडालं, म्हणजे मायक्रोग्रामाच्याच वर्षी, आणि १९५४ मध्ये अशी दोन विमानं हवेतच फुटली. चौकशीत निघालं काय, तर धातूच्या पत्र्याला थकवा येऊन भेगा पडल्या होत्या आणि त्या विमानाच्या अंगावर कापलेल्या भोकांच्या कोपऱ्यांपाशी सुरू झाल्या होत्या, कारण कोपरा जितका कडक तितका ताण तिथे गोळा होतो. नोवारेझेने हे वाचून अक्षरं काढली असं मी अजिबात म्हणत नाहीये हां. पण त्या पिढीच्या डोळ्याला गोल कोपऱ्याचा चौकोन म्हणजे इंजिनिअरिंग, प्रेशर, स्पीड असंच दिसायला लागलं होतं, आणि आजही आपल्याला तसंच दिसतं.

इथे मुद्द्याचं एक सांगतो कारण नव्वद टक्के नकला इथेच फसतात. सगळ्यांना वाटतं ह्या अक्षराची जादू कोपऱ्यात आहे. कोरलड्रॉ ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन घ्यायचा, कोपरे गोल करायचे, मधून भोक पाडायचं, झाला ओ. नाही हो. जादू कडांमध्ये आहे. युरोस्टाइलच्या ओच्या कडेवर पट्टी ठेवलीत तर ती कड सरळ नाहीच, मधोमध जराशी बाहेर आलेली आहे. कापूस गच्च भरलेली उशी कशी दिसते, कोपरेही गोल आणि कडाही टम्म, तसं. त्यामुळे अक्षर आतून भरलेलं, ताणलेलं वाटतं. कडा सपाट केल्या की तोच ओ मेलेला वाटतो, साबणाच्या वडीचा खोका.

ह्यामागे गणित आहे, आणि आहे सोपं. वर्तुळाच्या समीकरणात एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग असतो ना, तिथे वर्गाच्या जागी घात वाढवत न्यायचा. २ ठेवला तर वर्तुळ, ४ केला तर गोलसर चौकोन, अजून वाढवत गेलात तर शेवटी जवळजवळ कडक चौकोन. गॅब्रिएल लामे नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ह्या वक्रांचा अभ्यास केला होता. पण तो रस्त्यावर आणला डेन्मार्कच्या पीट हाइन ह्या डिझाइनरने. स्टॉकहोमच्या सेरगेल्स तोर्ग चौकात आयताकृती जागेत वाहतूक फिरवायची होती, लंबगोल केला तर टोकाला फार वळण येतं, कोपरे गोल केले तर गाडी सरळ-वळण-सरळ असे झटके खाते, तर त्याने १९५९ मध्ये घात २.५ धरून आकार दिला, सुपरएलिप्स. तिकडे जर्मनीत हर्मन झाफने १९५२ मध्येच मेलिऑर नावाचा टाइप काढला होता, त्याच्या ओलाही हाच फुगलेला चौकोन. आणि पुढे अमेरिकन कॉम्प्युटर शास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथने मेटाफॉन्ट हे अक्षरं आखायचं सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा त्यात "सुपरनेस" नावाचं एक बटणच ठेवलं, किती फुगवायचं ते ठरवायला. एकाच कल्पनेवर टाइपवाले, रस्तेवाले आणि कॉम्प्युटरवाले येऊन बसले, असं क्वचित होतं.

रोजच्या कामात हे कसं लागतं सांगतो. व्हेक्टरमध्ये, म्हणजे बिंदू आणि वक्र जोडून आकार काढायच्या पद्धतीत, प्रत्येक बिंदूला (अँकर पॉइंट) वळण ओढायची दांडी असते, तिला हँडल म्हणतात; वर्तुळाचा पाव भाग काढताना हँडलची लांबी त्रिज्येच्या साधारण ०.५५ पट असते, सगळी सॉफ्टवेअरं तीच धरून चालतात. फुगलेला चौकोन पाहिजे तर अँकर पॉइंट कोपऱ्यात ठेवायचेच नाहीत, वर-खाली-डावी-उजवी असे चार टोकांना ठेवायचे आणि हँडल ०.५५ वरून ०.७५-०.८ पटीपर्यंत ओढायचे. बस. चार पॉइंटचा ओ. जो माणूस आठ पॉइंट टाकून सरळ रेघ अधिक पाव वर्तुळ असं जोडतो त्याच्या अक्षरात, रेघ संपून वळण सुरू होतं तिथे डोळ्याला एक बारीक ठेच लागते. मोजमापाने रेघ वळणाला अगदी नीट भिडलेली असते, तरी कडा आत दबल्यासारख्या आणि कोपरे सुजल्यासारखे दिसतात. बोर्डावर अक्षर दीड फुटाचं झालं की ही ठेच लांबूनही कळते.

आणि बोल्ड करताना अजून दोन-तीन चोरट्या गोष्टी असतात. बाहेरचा कोपरा जेवढा गोल तेवढाच आतला ठेवला तर कोपऱ्यात अक्षर जाड होतं, म्हणून आतली त्रिज्या कमी ठेवायची. आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा किंचित बारीक करायची, दोन्ही सारख्या ठेवल्या तर आडवीच जाड दिसते, डोळ्याचा दोष आहे तो, काही इलाज नाही. पसरट अक्षरात तर आडव्या रेघा लांब असतात म्हणून हे जास्तच जाणवतं. एस हे अक्षर ह्या सगळ्याची परीक्षा, तीन आडव्या रेघा एकावर एक, वरचं पोट खालच्यापेक्षा थोडं लहान, नाहीतर अक्षर डोक्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. एखादा चौकोनी फॉन्ट चांगला की भंगार हे बघायचं असेल तर मी आधी त्याचा एस बघतो, मग आकडा ८, मग बाकीचं.

खुद्द युरोस्टाइलचंही ह्या बाबतीत वाईट झालं होतं. शिशाच्या खिळ्यातून फोटोटाइप (फिल्मवरून अक्षरं जुळवायची पद्धत), तिथून डिजिटल, अशा उड्या मारताना मूळच्या बारीक वक्रता बऱ्याच ठिकाणी गेल्या आणि वर्षानुवर्षं लोक तोच सपाट झालेला युरोस्टाइल वापरत राहिले. मग लिनोटाइप ह्या फॉन्ट कंपनीच्या अकिरा कोबायाशीने २००८ च्या सुमारास जुने खिळ्यांचे नमुने समोर ठेवून युरोस्टाइल नेक्स्ट काढला आणि कडांचा फुगवटा परत आणला. दोन्ही शेजारी ठेवून बघा, पहिल्यांदा काही फरक दिसणार नाही, आणि एकदा दिसला की जुन्याकडे बघवणार नाही.

सिनेमावाल्यांनी ह्या फॉन्टचं काय केलं हे सगळ्यांना माहितीये त्यामुळे थोडक्यात. १९६८ च्या "२००१: अ स्पेस ओडिसी"मध्ये शून्य गुरुत्वाकर्षणातल्या संडासाची लांबलचक सूचनापाटी ह्याच युरोस्टाइलमध्ये आहे, आणि १९७९ च्या स्टार ट्रेक सिनेमापासून जहाजाच्या अंगावरचं नाव-नंबर मायक्रोग्रामा बोल्ड एक्स्टेंडेडमध्ये. लोक म्हणतात ह्या सिनेमांमुळे तो भविष्याचा फॉन्ट झाला. मला उलटं वाटतं. त्या काळी खऱ्याखुऱ्या यंत्रांच्या पॅनलवर अशीच अक्षरं शोभायची, म्हणून सेट करणाऱ्याला स्पेसशिप खरं वाटायला तीच हाताशी घ्यावी लागली. नंतरच्यांनी मात्र निव्वळ कॉपी केली, आणि आज कुठल्याही थंबनेलवर "एआय" लिहायचं तर हाच प्रकार निळ्या ग्लोसकट येतो, तो आता वीट आणतो खरं सांगायचं तर.

पण बोर्डाच्या धंद्यात ह्या आकाराला अजूनही तोड नाही, आणि त्याची कारणं सौंदर्याची कमी आणि मशीनची जास्त आहेत. माझं बरंचसं काम पुण्यात आणि आसपास, छोट्या कंपन्या, वर्कशॉप, जिम, गॅरेज, हॉटेलं. त्यांचे बोर्ड आता फ्लेक्सवर कमी, एसीपी शीटवर (ॲल्युमिनियमचा थर असलेला पत्रा) ॲक्रिलिकची अक्षरं आणि आत एलईडी असे जास्त होतात. ॲक्रिलिक राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या मशीनवर, कापलं तर ६ एमएमचा बिट (ते पातं) आतला कोपरा ३ एमएम त्रिज्येपेक्षा कडक कापूच शकत नाही, बिट गोल फिरतोय ना. म्हणजे टोकदार आतल्या कोपऱ्याचा फॉन्ट दिलात तरी मशीन तो गोल करूनच देणार, मग आधीच गोल असलेलं अक्षर का देऊ नये. रेडियम कटिंगचंही तसंच, प्लॉटरची सुरी कडक कोपऱ्यावर वळताना स्टिकर ओढते, आणि लावल्यावर उन्हात-पावसात पहिलं कोण उचकटतं तर टोकदार कोपराच. एलईडी मॉड्यूल ठेवायला रेघेची जाडी सगळीकडे साधारण सारखी लागते, नाहीतर बारीक ठिकाणी काळं आणि जाड ठिकाणी ठिपके दिसतात. जाड, एकसारखं, गोल कोपऱ्यांचं अक्षर म्हटलं की बोर्डवाला खूश, डिझाइनर खूश, गिऱ्हाईक "टफ दिसतंय" म्हणून खूश.

कुठे वापरू नये तेही सांगतो. मजकुराला नाही, दोन ओळींच्या पुढे ह्या अक्षरात काही वाचणं म्हणजे कोणीतरी कानात ओरडतंय. लग्नपत्रिका, क्लिनिक, साडीचं दुकान ह्यांना नाही. आणि लांबलचक नावाला तर बिलकुल नाही, हे लोकांना पटत नाही म्हणून हिशोबच देतो. बोर्ड १० बाय ३ फूट, नावात १२ अक्षरं, दोन्ही बाजूला अर्धा अर्धा फूट सोडला तर ९ फुटात १२, म्हणजे मधल्या फटीसकट एका अक्षराला ९ इंच रुंदी. एक्स्टेंडेड अक्षर उंचीपेक्षा रुंद असतं, म्हणजे उंची आली ६-७ इंच. तीन फुटी बोर्डावर ६ इंचाचं अक्षर, वर-खाली सगळं मैदान मोकळं. तेच अरुंद फॉन्टमध्ये दीड फुटाचं बसतं. पसरट फॉन्ट चार-पाच अक्षरांच्या नावासाठी आहे, मोठं नाव असेल तर हट्ट सोडायचा.

आता मराठी. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्यात बदल झाला, छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं आलं, मग सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर आमच्याकडे जी रांग लागली ती विचारू नका. ज्यांनी इंग्लिश लोगोवर पैसे खर्च केले होते त्या प्रत्येकाला आता "सेम तसंच मराठीत" पाहिजे होतं. माझ्याकडे एक जिमवाले आले, इंग्लिश लोगो जाड फुगलेल्या चौकोनात, चांगला केलेला, आणि मराठी त्यांच्या भाच्याने घरीच बनवलं होतं. कसं, तर इंग्लिश सी आणि यूचे तुकडे कापून, उलटे करून, वरून एक जाड पट्टी मारून. "फिटनेस"मधला ट म्हणजे सीला वर दांडी, न म्हणजे काय होतं ते देवालाच ठाऊक.

"सर, मराठी पण इंग्लिशसारखंच टफ दिसलं पाहिजे," ते म्हणाले.

"दिसेल ना दादा, पण आधी वाचता आलं पाहिजे. आत्ता मला फिरनेस वाचता येतंय."

"अहो भाच्याने दोन रात्री जागून केलंय."

भाच्याची मेहनत कबूल, पण देवनागरीत हा आकार आंधळेपणाने घुसवला की काय होतं ते बघण्यासारखं आहे. काही अक्षरं जन्मतःच तयार असतात. प, ष, म, य ह्यांना वर शिरोरेषा, उजवीकडे काना, चौकट आयती मिळते, फक्त डाव्या-खालच्या वळणाला फुगवटा द्यायचा. ठ तर ह्या फॉन्टसाठीच बनलाय, छोट्या दांडीखाली पूर्ण बंद फुगलेला चौकोन, इंग्लिश ओशेजारी ठेवला तर सख्खा भाऊ. व आणि ब पण छान येतात. ळ, आपला मराठी ळ, दोन पोटं शेजारी शेजारी, रुंदी खातो पण दिसतो राजासारखा.

आणि मग बाकीची. ख चौकोनी केला की रव वाचला जातो, आधीच ती तक्रार जुनी आहे त्यात ही भर. भ आणि म मधला फरक म्हणजे भच्या डोक्यावर शिरोरेषेला पडलेली फट आणि ती छोटी गाठ, बोल्ड करताना फट बुजली की भ झाला म, "भोजनालय"चं "मोजनालय". घ आणि ध ची तीच कथा. द ची शेपटी कापली तर इंग्लिश वाय की काय असं वाटतं, ठेवली तर चौकटीच्या खाली लोंबते. जोडाक्षरात द्ध, क्ष, श्र ह्यांच्यात एवढ्या रेघा असतात की सगळ्या जाड ठेवल्या तर पोटात जागाच उरत नाही, नुसता काळा ठोकळा. ह्यावर उपाय एकच, जाडी सगळीकडे सारखी असली पाहिजे हा हट्ट सोडून द्यायचा. जिथे तीन रेघा एकमेकींखाली येतात तिथे प्रत्येक थोडी बारीक, आणि मधली फट आधी ठरवायची, मग उरलेल्यात रेघ बसवायची. म्हणजे काळं नाही, पांढरं काढायचं.

शिरोरेषेचं प्रकरण वेगळंच. इंग्लिशमध्ये अक्षरं सुटी असतात, मध्ये हवा असते. मराठीत वरून सलग पट्टा जातो, तो उभ्या रेघांइतका जाड ठेवला तर लांबून नुसता पट्टाच दिसतो, खाली लटकलेली अक्षरं नंतर. मी तो काना-दांडीच्या साधारण दोन तृतीयांश जाडीचा ठेवतो. शिवाय इंग्लिश कॅपिटलला वर एक रेघ, खाली एक रेघ, संपलं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि हे सगळं बोर्डाच्या उंचीत बसवायचं. त्यामुळे शिरोरेषा ते पायथा ही उंची इंग्लिश कॅपिटलइतकी धरली तर मराठी शब्द एकूण उंचीत मोठा होतो, आणि मला वाटतं होऊ द्यावा, पाटी मराठी आहे ना.

मराठीचं म्हणून अजून एक दुखणं, ते हिंदीवाल्यांना कळणार नाही. ल आणि श ची आपली वळणं वेगळी, फॉन्टमध्ये ती असली तरी सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं, नाहीतर हिंदी ल येऊन बसतो. आणि "दुसऱ्या", "वाऱ्यावर" ह्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र, जाड चौकोनी फॉन्टमध्ये हा प्रकार बघून घेतल्याशिवाय मी कधी फायनल फाइल पाठवत नाही. बऱ्याचदा तो एकतर बारीक काडीसारखा निघतो, जणू दुसऱ्याच फॉन्टातून उधार आणलाय, नाहीतर मोडून पाय मोडका र दिसतो.

तयार फॉन्ट पाहिजेत तर इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये गूगल फॉन्ट्सवर टाकलेले टेको, खंड आणि राजधानी हे तिघं चौकोनी वळणाचे आहेत, फुकट आहेत आणि मराठी न्यूजच्या पट्ट्यांपासून गावातल्या क्रिकेट स्पर्धेच्या बॅनरपर्यंत दिसतात. टेको आणि खंड अरुंद आहेत म्हणून लांब नावाला बेस्ट, राजधानी जरा सडपातळ आणि यंत्रासारखा, स्क्रीनवर आकडे दाखवायला छान. मुंबईच्या एक टाइपचा मोदक जाडीच्या बाबतीत सगळ्यांचा बाप, पोटातली जागा अक्षरशः चिरेएवढी ठेवलीये आणि तरी वाचता येतो, पण तो गोल आहे, चौकोनी नाही, गोड दिसतो, जिमला चालणार नाही. इंग्लिशमध्ये मायक्रोग्रामाच्या वळणाचा फुकट पाहिजे तर मिक्रोमा बघा, फक्त तो एकाच जाडीत येतो.

कधी कधी वाटतं आपल्याकडे ह्या आकाराचं शिक्षण फॉन्टमधून कमी आणि पेंटर लोकांकडून जास्त आलंय. दोरीला खडू लावून रेघ मारायची, चपट्या ब्रशने आधी चौकोन भरायचा आणि मग कोपऱ्यावर मनगट किंचित फिरवायचं, ब्रश स्वतःहूनच कोपरा गोल करतो आणि कड थोडी फुगवतो. अक्षररचनाकार कमल शेडग्यांची नाटकांच्या जाहिरातीतली अक्षरं बघा, प्रत्येक नावाचा स्वभाव वेगळा, पण चौकोनी केलेल्या अक्षरातही कुठे पट्टीने मारलेली मेलेली रेघ सापडायची नाही. कॉम्प्युटर आल्यावर आपण शिफ्ट दाबून सरळ रेघ मारायला शिकलो आणि तिथेच कडा सपाट झाल्या.

जाता जाता रेडियमवाल्यांबद्दल. ह्या जाड चौकोनी आकड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एके काळी नंबरप्लेट होती. ४१४१ जुळवून "दादा", २१४ चं "राम", त्यासाठी आकडे असे काही वाकवायचे की आरटीओवाला बघत राहायचा. नियमाने इंग्लिश अक्षरं आणि इंग्लिश आकडेच पाहिजेत, फॅन्सी काही चालत नाही, आणि एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच लागून येते, त्यामुळे तो धंदा बसत चाललाय. आमच्या ओळखीचे रेडियमवाले आता टाकीवर, मडगार्डवर आणि बसच्या काचेवर जगतात. कला वाया गेली असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्यातल्या काहींनी ४ ला जो द केला होता तो मला आजवर कुठल्या फॉन्टात मिळालेला नाही.

तर जिमच्या बोर्डाचं. शेवटी मी फक्त पोटांना फुगवटा दिला, म्हणजे फ, ट, स ची वळणं इंग्लिश लोगोच्या सीवरून मोजून घेतली, काने सरळ ठेवले, न ची गाठ गोलच ठेवली कारण ती चौकोनी केली की हातोडी दिसत होती. फ च्या उजवीकडच्या वळणाला टोक मिळेना, ते सीसारखं कोपऱ्यावरून फिरवून खाली आडवं कापलं आणि तिथे मराठी-इंग्लिश एका घरातले वाटायला लागले. वेलांटीची कमान मात्र फुगलेल्या चौकोनात बसवली, पूर्ण गोल नाही, आणि ती शिरोरेषेपेक्षा किंचित जाड. प्रिंट काढून रस्त्याच्या पलीकडे धरायला लावली, जिमवाले स्वतः इकडून बघत होते, म्हणाले, "हां, आता दम आहे." भाच्याला बोलावून फाइल उघडून दाखवली, पोरगं हुशार आहे, चार पॉइंटचा ओ त्याला पटकन कळला.

आता त्यांना तेच टी-शर्टवर पाहिजे. बोर्डाची फाइल तशीच देता येणार नाही, स्क्रीन प्रिंटिंगला कापडावर शाई पसरते आणि स च्या पोटात आधीच फट कमी आहे, ती बुजणार. म्हणून टी-शर्टसाठी वेगळा कट करतोय, जाडी थोडी उतरवून आणि फटी उघडून, आणि प्रिंटिंगवाल्याला सांगितलंय की आधी एक नमुना काढ, धुऊन दाखव, मग बाकीचे छाप.